पंखा धरणाऱ्याची सावली

नवनीतशी माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्याला पुसून टाकायचं होतं. त्याला हे माहीत नव्हतं. तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता, हेमराजच्या लग्नात, एक उभा पंखा धरून.

शहाद्याला एसटी स्टँडसमोर दिनेशभाऊंचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. तिथला सगळ्यात खपणारा इफेक्ट म्हणजे नवरा-नवरी कमळातून उगवतात. मी, म्हणजे चेतना, तिथे नवीन. एका गिऱ्हाइकाची केळीची बाग आहे असं कळल्यावर मी त्याचं जोडपं केळीच्या घडातून उगवून दाखवलं. तो चहा अर्धा ठेवून गेला. तेव्हा भाऊंनी सांगितलं, पुढची फिल्म गिऱ्हाइकानं पास केली तर राहा, नाहीतर घरी बस.

घरी नुसतं बसायला मिळणार नव्हतं. तिथे माझे वडील, पितांबर पाटील, मला बी.एड.ला पाठवायच्या तयारीत होते. कॉम्प्युटरवर माणसं उडवणं हे काम नव्हे असं त्यांचं मत. मी म्हटलं, जगात लोक हेच करतात आणि जग ते बघतं. ते म्हणाले, जगाचं राहू दे, शेजारच्या म्हसावदनं बघितलं तरी पुरे.

आणि पुढची फिल्म नेमकी म्हसावदची निघाली.

हेमराजची आई छबूबाई स्वतः दुकानात आल्या. लग्नाचा छोटा टीझर मोबाईलवर फिरला होता आणि अर्ध्या पाहुण्यांनी भलत्याच मुलाचं अभिनंदन केलं होतं. नवरा-नवरीच्या मागे पंखा धरून एक उंच मुलगा उभा होता. हेमराज दिसायला वाईट नाही. पण त्याच्या मागे... तो होता.

"लोके इचारी ऱ्हायनात, यामा नवरदेव कोनता," छबूबाई म्हणाल्या. "मन्ही बहीनना पोऱ्या शे, चांगला शे. पन त्याले काढी टाक."

माणूस काढायचा म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्या कडेकडेनं रेघ ओढायची, तेवढा तुकडा कापायचा आणि तिथे मागचा पडदा भरायचा. एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेम. आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मामांना आवरतं घ्यायची सवय नव्हती.

मी रेघ ओढत गेले. कुठल्याही मुलाच्या कानाकडे मी इतका वेळ पाहिलं नव्हतं, आणि कुणी पाहू दिलंही नसतं. पंख्याचा एक पाय मोडका होता, म्हणून तो सोडत नव्हता. नवरीच्या डोळ्यांवर केस आले की तो पंखा बोटभर वळवायचा. अक्षता आल्या की एकच डोळा मिटायचा, दुसऱ्यानं पंख्यावर लक्ष. मध्येच कुणीतरी त्याला पेढा भरवला. हात अडकलेले, पेढा मोठा... पुढची सगळी मंगलाष्टकं तो एक गाल फुगवून उभा. त्या गालाभोवती मी रेघ ओढली. जरा सावकाशच ओढली.

मुलगा गेला. पंखा ठेवावा लागला, नाहीतर नवरीचे केस कुणाच्या जोरावर उडताहेत याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उरली सावली. हॅलोजनमुळे मागच्या पांढऱ्या पडद्यावर पडलेली, लांबलचक, मान थोडी झुकलेली, एक हात वर. ती राहून गेली. आत्तापुरतं एवढंच सांगते.

फिल्म दाखवायचा दिवस आला. सावली दिसताच दिनेशभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बी.एड.चा वर्गच दिसायला लागला. तेवढ्यात छबूबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि चपला काढल्या.

"ह्या आप्पा शेतस," त्या हळूच म्हणाल्या. "मन्हा सासरा. नातूना लगीनले उनात."

भाऊंनी पटकन चपला काढल्या. मीही काढल्या. दुकानात आम्ही तिघं अनवाणी, आणि पडद्यावर स्वर्गवासी आप्पा पंखा धरून.

फिल्म पास झाली. पुढच्या आठवड्यात एकाला लग्नात आजोबा घोड्यावर हवे होते आणि एकाला वारलेला बैल.

अशाच एका दुपारी, मी बैलाला फेटा बांधत असताना, दारातून आवाज आला.

"ताई, माले मारं कोनी?"

मी वर पाहिलं. तोच कान. आता त्याच्याभोवती रेघ नव्हती, त्यामुळे काय करावं सुचेना. मी स्टूल पुढे केलं.

त्यानं जे सांगितलं ते असं. मावशीनं टीव्हीला हार घातला आहे. पाहुणे येतात, फिल्म लागते, सगळे नमस्कार करतात. काल त्यालाही करायला लावला. म्हणजे तो स्वतःच्याच सावलीच्या पाया पडला.

"आशीर्वाद मिळाला?" मी विचारलं. दुकानात मी शाळेतली मराठी बोलते.

"मिळी गया ना. लगेच दोन मोटारी दुरुस्तीले उन्यात." म्हसावदला त्याचं पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. "पन ताई, सगळा मानूस पुसा, मंग सावली कशी ऱ्हायनी?"

"विसरले."

भाऊंनी बैलवाल्याचं काम मिळाल्याच्या आनंदात पेढे आणले होते. मी डबा पुढे केला आणि तोंडातून निघून गेलं, "आज दोन्ही हात मोकळे आहेत. चावून खा."

पेढा त्याच्या हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं... मग पडद्याकडे... मग पुन्हा माझ्याकडे. कान लाल झाले. त्याचेच नव्हे.

चहा संपेपर्यंत 'ताई' निघून गेली होती. कुठे गेली ते मी विचारलं नाही.

त्यानंतर तो आमच्या दुकानातला पंखा तपासायला येऊ लागला. पंखा ठीक होता. तपासून तपासून शेवटी बिघडला, मग त्याला यायला कारण मिळालं.

मी त्याला माझं खरं जग दाखवलं. एक साइट आहे, तिथे कुठकुठले ॲनिमेशनवाले आपली छोटी कामं टाकतात. एका बाईनं लोकरीचा समुद्र केला होता, लाट किनाऱ्यावर येऊन उसवायची. एका पोरानं आपल्या गॅरेजमध्ये जिराफ उभा केला होता. जिराफ साफ खोटा, पण त्याच्या पायाखालची धूळ अशी उडायची की आपण खोकावं. मी याच लोकांकडून शिकले. वस्तू खोटी असली तरी चालते, तिची सावली आणि धूळ खरी लागते. नवनीत मोटारीचं वाइंडिंग उलगडावं तसं प्रत्येक काम थांबवून थांबवून बघायचा. लोकरीचा समुद्र त्यानं तीनदा बघितला आणि म्हणाला, "तू पन टाक ना. कोनले भ्यास?"

मी कुणाला भीत नाही. मी टाकलं. नवरा-नवरी कापून फक्त पंखा, पडदा आणि ती सावली.

काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग पुण्याच्या एका स्टुडिओचा मेसेज आला. त्यांना ते त्यांच्या पानावर दाखवायचं होतं, आधी काय होतं आणि नंतर काय झालं तेही. शिवाय काम द्यायचं होतं, शहाद्यातून करता येईल असं. फक्त दोन प्रश्न होते. सावली कुणाची, आणि तो माणूस तयार आहे का? आणि सावली चुकून राहिली, की ठरवून ठेवली?

दिनेशभाऊंना घाम फुटला. 'आधीचं' दाखवलं की आप्पांच्या जागी भाचा निघणार, छबूबाई फिल्म परत आणणार, बैलवालासुद्धा उलटणार. सावली कॉम्प्युटरवर काढली असं कळव, म्हणाले. मी नाही म्हटलं. मला त्या साइटवर खोट्या जिराफासारखं यायचं होतं, खोट्या माणसासारखं नाही. आणि म्हसावदला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगणार होते. फिल्म नापास झाली तर झाली.

नवनीतच्या मोटारसायकलवर निघालो. मध्ये माझी लॅपटॉपची बॅग.

छबूबाई टीव्हीसमोर शेंगा सोलत होत्या. हार ताजा होता. मी उभ्यानंच सांगितलं, आणि घरच्या बोलीत सांगितलं, कारण असल्या गोष्टी शाळेच्या मराठीत सांगायला धीर पुरत नाही.

"काकू, ती सावली आप्पासनी नही. नवनीतनी शे."

त्यांनी शेंग सोलून पूर्ण केली.

"माले पहिल्या दिवसलेच समजनं व्हतं," त्या म्हणाल्या. "आप्पा कोनाकरता पंखा धरतीन का? जल्मभर दुसराच त्यासले वारा घाली ऱ्हायनात."

"मंग मावशी, माले पाया काबरं पडाले लावं?" नवनीतनं विचारलं.

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "आप्पा टीव्हीमा उनात तवपासून तुन्हा मावसा टीव्हीम्होरे पाय पसरत नही. बापना धाक. लगीन व्हयनं तवपासून पहिलांदा रिमोट मन्हा हातमा शे." मग माझ्याकडे वळून, "जगले दखाड. मावसाले नको दखाडू. फिल्म पास शे."

परतताना बॅग माझ्या पाठीवर होती. मध्ये काही नव्हतं.

केळीच्या बागांपाशी मी गाडी थांबवायला सांगितली. स्टुडिओला उत्तर लगेच द्यायचं होतं, शहादा येईपर्यंत माझा धीर टिकला नसता. उन्हात मोबाईलचा स्क्रीन काही दिसेना. नवनीत न सांगता पुढे येऊन उभा राहिला आणि त्याची सावली माझ्या हातांवर पडली. मान थोडी झुकलेली. सगळं दिसू लागलं.

पहिलं उत्तर लिहिलं. सावली नवनीतची, म्हसावद. मी वर पाहिलं. त्यानं मान हलवली, तयार.

दुसरं लिहायला वेळ लागला. मग लिहिलं, ठरवून ठेवली.

त्यानं ते उलटं वाचलं. पंखे दुरुस्त करणाऱ्यांना उलटं बघायची सवय असते.

"तू तर इसरनी व्हती ना..."

"मी काही इसरेल नव्हती," मी म्हटलं. "सगळा पुसा तुले. कान पुसात, गाल पुसा, पेढा पुसा. सावलीपाशी उनू, आनि हात उचलेना. काहीतरी तर ऱ्हावाले पाहिजे ना तुन्हं, मन्हाजोडे."

केळीची पानं वाजत राहिली. तो काहीतरी बोलायला गेला आणि बोलण्यासाठी एक पाऊल बाजूला सरकला. ऊन सरळ माझ्या डोळ्यांत.

"हालू नको," मी म्हटलं. "अजून पाठाडनं बाकी शे."

तो परत जागेवर आला. मी पाठवलं. पाठवून झालं हे त्याला दिसलं होतं, तरी तो हलला नाही.