साडेसहा मापं

"गेला! हाही कुंपणापार गेला!" भोंगा कोर्टाबाहेरून ओरडली. भोंगा ही डावरीची जिवाभावाची मैत्रीण. तिचं कुजबुजणंसुद्धा शेजारच्या कोर्टावर ऐकू जायचं.

"दिसतंय गं मला!" डावरी खेकसली.

डावरी डाव्या हाताने टेनिस खेळायची आणि बॅकहँड एकाच हाताने मारायची. हा फटका तिला मामाने शिकवला होता, ती पाच वर्षांची असताना. मामाचं गटिंगचं दुकान कोर्टाला लागूनच होतं. रॅकेटना तारा ओढून द्यायच्या, हेच त्याचं काम. पण सुट्टीतलं शिबिर सुरू झालं आणि आठ दिवसांत त्या फटक्याची पार वाट लागली. चेंडू एक तर कडेला लागायचा, नाही तर सुसाट बाहेर जायचा. शिबिराच्या सरांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "शनिवारपर्यंत सुधारलं नाही, तर दोन हातांनी मारायचं. हट्ट पुरे!"

आणि मामा रोज कुंपणाशी उभा राहून म्हणायचा, "रॅकेट ठणठणीत आहे. तुझा हातच उशिरा येतोय, बाळा."

मामा म्हणाला म्हणजे खरंच असणार! काल डावरी न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. आपला हातच कामातून गेला, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"ही चेन का लागत नाहीये?" भोंगा बॅगेशी झटापट करत म्हणाली. "रॅकेट जेवून जाड झाली की काय?"

मामाचा मुलगा मोजपट्टी पुढे सरसावला. खिशात टेप बाळगणारा असा दुसरा मुलगा शोधून सापडला नसता! "शिबिराआधी लागत होती ना? बॅग काही आटत नाही. म्हणजे रॅकेटचं डोकं मोठं झालंय."

"काहीतरीच! रंग तोच, मूठ तीच, ओरखडेसुद्धा तेच," डावरी म्हणाली आणि तिने एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. ते गुळगुळीत फिरलं. ओरखडा नव्हताच तो, बारीक कुंचल्याने काढलेली रेघ होती!

तिघांनी रॅकेट उलटीपालटी करून पाहिली. सगळेच ओरखडे रंगवलेले होते!

"तुझी रॅकेट तुझ्या हातून कधी सुटली होती?" भोंगाने विचारलं. या वेळी मात्र खरंच हळू.

"एकदाच. शिबिराच्या आदल्या दिवशी गटिंगला दिली होती... मामाकडे."

"बाबा असं करणं शक्यच नाही!" मोजपट्टी लालबुंद झाला. "दुकानात कुणीतरी बदलली असेल. त्यांना पत्ताही नसेल!"

"मग बघूया त्याला पत्ता आहे का," डावरी म्हणाली.

मामा तार टेपने मोजत नसे. दोन्ही हात पसरले की एक माप. डावरीच्या रॅकेटला सहा मापं लागायची, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. मामाला काही ठाऊक नसेल, तर तो नेहमीसारखी सहाच कापणार. आणि ठाऊक असेल, तर मोठ्या डोक्यासाठी जास्त...

"मामा, तार सैल झालीय. पुन्हा गटिंग करून दे ना."

मामाने जुनी तार कापून काढली आणि नवं वेटोळं हातात घेतलं. भोंगाने शिबिरातल्या गमतीजमतींचा असा काही पट्टा सोडला की मामा हसता हसता बेजार झाला. हात मात्र सवयीने चालत होते. डावरी मनातल्या मनात मोजत होती. चार. पाच. सहा. थांब ना रे मामा, थांब!

मामाने आणखी अर्धं माप ओढलं आणि कात्री चालवली.

"साडेसहा," मोजपट्टी पुटपुटला.

"माझ्या रॅकेटला सहा लागतात, मामा," डावरी म्हणाली.

मामाचं हसू जागच्या जागी विरलं. त्याने हातातल्या तारेकडे पाहिलं. मग फळीमागून एक रॅकेट काढली. निळी, खऱ्या ओरखड्यांची.

"तुला दोन हातांवर आणणार, असं सर शिबिराआधीच म्हणाले होते," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, डोकं मोठं असलं की चेंडू कडेला लागला तरी निभावेल. तुला विचारलं असतं तर तू ऐकलं नसतंस. पण मोठं डोकं वळायला वेळ घेतं, आणि तुझं मनगट अजून लहान. दोन हातवाल्यांना रेटायला दुसरा हात असतो..."

"हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि तरी तू म्हणत राहिलास, तुझा हात चुकतोय?" डावरीचा आवाज फाटला. "आठ दिवस, मामा! माझ्या तोंडावर!"

"लाज वाटली गं. आज सांगू, उद्या सांगू..."

"बाबा, सरांना तुम्ही स्वतः सांगायचं," मोजपट्टी म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "आत्ताच्या आत्ता!"

मामाने सांगितलं. सरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "मोठं डोकं काहींना मानवतंही! पण खेळणार ती, आणि तिलाच पत्ता नाही?" मग ते डावरीकडे वळले. "मीही रॅकेट हातात घेऊन बघितली नाही. चूक माझीही आहे. चल, वीस चेंडू!"

डावरीने आपली जुनी रॅकेट घेतली. पहिले तीन बाहेर गेले. चौथा मात्र सणसणत रेषेच्या आत पडला. पाचवाही! आणि सहावाही! भोंगाने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला. सर म्हणाले, "शाबास! एकच हात ठेव. आणि तुम्ही तिघांनी आम्हा मोठ्यांचे कान उपटलेत, तेही बरंच झालं!"

मामा कुंपणाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. डावरी बाहेर आली, तशी त्याने सवयीने बॅगेसाठी हात पुढे केला.

"राहू दे. माझी मी घेते," ती म्हणाली. दोन पावलं जाऊन ती थांबली. "उद्यापासून मला गटिंग शिकव. माझ्या रॅकेटचं यापुढे मीच करणार."

मामाला तिच्यावर ओरडता आलं असतं, समजूत घालता आली असती. तो फक्त म्हणाला, "शिकवतो."