नानांच्या हिरड्यांवरची निळी रेघ

विष आधी माणसाच्या मनात तयार होतं आणि मग ताटात उतरतं, यावर शिरपूरच्या त्या गल्लीचं एकमत झालं होतं. ताटात मात्र काहीच सापडलं नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यातून ठाण्यात फोन आला. झुलाल नानांच्या रक्तात शिसं होतं, आणि भरपूर होतं. पोटात कळा, पांढराफटक चेहरा, लोंबणारं मनगट, हिरड्यांवर निळी रेघ. खाटेवरून नाना एवढंच म्हणाले होते, "सुननी घालं."

फौजदार प्रज्ञा नानांच्या घरी पोचली तेव्हा ओट्यावर गर्दी होती. सून रत्ना न्हाणीच्या दाराला पाठ लावून उभी होती. कडेवरची पोर तिनं इतकी घट्ट धरली होती की पोर रडायला लागली.

"मी काही करं नही, ताई. माले नेशात तर हाई पोरले कोन देखी?"

नानांची बहीण सुंदरबाई पुढे झाली. "तीच रांधस. बठ्ठी गल्लीले माहीत शे."

"तुम्हीही तेच जेवता ना, अक्का?"

"हा."

"पोट दुखतं?"

"मनं पोट कसाले दुखी?" अक्का म्हणाली, आणि हळूच पोटावर हात ठेवला.

हवालदार नवलसमोर चहा आला. त्याला अचानक उपास आठवला.

"नाना वेगळं काय तोंडात घालतात? तंबाखू? पुड्या?" प्रज्ञानं विचारलं.

"काहीच नाही," मुलगा समाधान म्हणाला. "टूथपेस्टसुद्धा नाही. त्यात केमिकल असतं म्हणतात. राखेनं दात घासतात. बंबाची ताजी राख लागते."

न्हाणीत बंब धुमसत होता. शेजारच्या फळ्यांवर हिरव्या रंगाचे जाड पापुद्रे होते.

"ही लाकडं कुठली?"

"जुन्या घराची दारं. नानांनीच फोडली. गॅसवरच्या पाण्यानं अंगाचा मळ निघत नाही म्हणतात."

"भांडी राखेनं घासता?"

"नाही, लिक्विडनं."

प्रज्ञानं राख पिशवीत भरली. तपासणीचा निकाल येईपर्यंत रत्नानं रांधलेलं कोणी खाल्लं नाही. तिनंही नाही.

निकाल आला तेव्हा प्रज्ञानं सगळ्यांना दवाखान्यात नानांच्या खाटेभोवती उभं केलं.

"रक्ताचा लाल रंग तयार करायला शरीरात एक प्रथिन राबतं. त्याच्या खाचेत जस्त बसलेलं असतं, म्हणून ते चालतं. शिसं आलं की जस्ताला उठवून त्याच्या जागी बसतं, काम मात्र करत नाही. म्हणून चेहरा पांढरा. दारांच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं होतं. लाकूड जळलं, शिसं राखेत उरलं. जेवण सगळ्यांचं एक, आजारी एकटे नाना. कारण ती राख रोज तोंडात घालणारा घरात एकच माणूस आहे."

"कोन?" नानांनी विचारलं.

"तुम्ही."

नानांनी सुनेवरची तक्रार मागे घेतली.

रत्नानं डबा उघडला. नानांनी पहिला घास तिलाच खायला लावला.