उसना विस्तव

मुलुंडला घरात फायरप्लेस बसवायची हे खूळ सुयोगचं. मनालीला जाऊन आला आणि तिथून हेच डोक्यात घेऊन आला. मी म्हटलं, अरे बाबा, इथे आपण बारा महिने घामाने निथळतो, तुला शेकोटी कशाला हवीय? तर म्हणे, वाइब येते गं. एकदा माझ्या नवऱ्याला वाइब हवी झाली की मोजमापं मी घ्यायची, हे आमच्या घरात ठरलेलंच आहे.

कारण कामच माझं ते. अंधेरीच्या एका कंपनीत मी एसीच्या डक्टची डिझाइनं करते, म्हणजे दिवसभर लोकांच्या खोल्या थंड करायच्या. चौदाव्या मजल्यावर धुरांडं काढायला सोसायटी जन्मात परवानगी देणार नव्हती, म्हणून इलेक्ट्रिक घेतली. काळी चौकट, पुढे काच, आत रेझिनचे खोटे ओंडके, खाली एलईडी आणि एक फिरणारा चकचकीत दांडा. त्या दांड्यावरून उजेड उडाला की ज्वाळा हलल्यासारख्या दिसतात. टीव्हीशेजारची भिंत निवडली. ती शेजारच्या चौदाशे दोनला लागून आहे. तो फ्लॅट बिल्डरने विकलेलाच नाही, टॉवर झाल्यापासून दाराला कुलूप आहे. तेव्हा ड्रिलिंगच्या नावाने बोंब मारायलाही कोणी नव्हतं.

पेटीत हीटरसुद्धा होता. तो मी बसवायच्या आधी स्वतःच्या हाताने काढला. वायरींच्या टोकांना टेप मारली आणि कॉइल लॉफ्टवर टाकून दिली. मुलुंडमध्ये हीटर लावला असता तर माझ्या ऑफिसने मला वेड्यात काढलं असतं. सांगायचं एवढंच, की त्या फायरप्लेसमध्ये ऊब देणारं काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

माझ्या सासूबाई, वनमाला, कणकवलीकडच्या. सासरे गिरणीत होते, तेव्हापासून मुंबईत, पण बोलणं अजून गावचंच. त्यांनी फायरप्लेसला पहिल्या दिवसापासून चूलच म्हटलं. सुतार गेल्यावर चौकटीला हळदकुंकू लावलं, पुढे चार तांदूळ ठेवले. आई, हा नुसता दिवा आहे हो, असं मी सांगून पाहिलं. घरात पेटता ती चूल, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. सुयोग हसत उभा होता. आईपुढे याची कधी जीभ चालत नाही.

आमची गार्गी पहिलीत आहे. तिने तर त्या ओंडक्यांना नावं ठेवली आणि शाळेचा अभ्यास तिथेच मांडून बसायला लागली. मला बरंच वाटलं. निदान मोबाइल तरी सुटला.

फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, आई, इथे किती छान गरम वाटतं. मी काचेला हात लावला. खरंच ऊब होती. माझ्याकडे कामाची तापमान मोजायची गन असते, भिंतीवर धरली की आकडा दाखवते. खोली अठ्ठावीस होती, काच एक्केचाळीस. म्हटलं, ट्रान्सफॉर्मर तापला असणार. स्विच बंद करून मागची प्लेट उघडली, तर ट्रान्सफॉर्मर थंडगार. आणि ओंडक्यांखाली मूठभर राखाडी भुकटी साचली होती.

पीओपीची धूळ, असं मी ठरवलं. पण पीओपी बोटांना खरखरीत लागतं. हे मऊ होतं, चुलीतल्या राखेइतकं मऊ. मी ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं आणि कुणाला काही बोलले नाही. त्याच आठवड्यात घरात सोडे भाजल्याचा वास यायला लागला. सोडे आणि लाकडाचा धूर. सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही, आणि वास आला त्या दिवशी सोमवारच होता. सासूबाई मात्र फायरप्लेससमोर पाट टाकून, हात शेकत, मजेत बसलेल्या. मला त्यांचा रागच आला.

मग ती बाई आली.

दिवेलागणीची वेळ होती. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं. चाळिशीची असेल, साधी सुती साडी, हात ओले, आत्ताच भांडी घासून आल्यासारखे. हातात नारळाची करवंटी.

"वहिनी, जरा विस्तव द्याल?"

मला वाटलं, हिचा गॅस संपलाय. मी लायटर आणून दिला. तिने तो घेतला नाही.

"ते नको. तुमच्या घरातला द्या. आमची चूल विझली."

कुठल्या फ्लॅटमध्ये राहता, विचारलं, तर तिने मान वळवून चौदाशे दोनचं दार दाखवलं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे विस्तव नाही, आणि दार लावून घेतलं. मग खाली वॉचमनला, चंदरला, फोन करून चांगलंच झापलं. कोणालाही वर सोडता म्हणजे काय? तो शपथेवर सांगत राहिला की कोणी वर गेलेलं नाही, आणि चौदाशे दोनची किल्ली साइट ऑफिसमध्येच आहे.

रात्री जेवताना मी हे चेष्टेने सांगितलं. सुयोग हसला. सासूबाईंचा घास हातातच राहिला. मी घरात नसताना ती पूर्वीही येऊन गेली होती, हे त्यांच्याकडूनच तेव्हा कळलं. त्यांनी तिला परत पाठवलं होतं.

"तिनसांजेक घरातलो इस्तव भायर देवचो नसता गो," त्या म्हणाल्या. "तो एकटो जाणा नाय."

एकटा जात नाही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या गावात काड्यापेटी वाचवायला बायका एकमेकींकडून करवंटीत निखारा नेत, एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी मात्र कोणी द्यायचं नाही आणि कोणी मागायचं नाही. मी म्हटलं, आई, एलईडीचा कसला आलाय विस्तव. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

मार्चमध्ये सासूबाई भजनाला गेल्या होत्या, सुयोग ऑफिसातून यायचा होता. मी क्लायंटच्या कॉलवर होते आणि तो माणूस एकच मुद्दा पुन्हापुन्हा उगाळत होता. बेल वाजली. तीच बाई, तीच करवंटी, तेच वाक्य. कानात इअरफोन, डोकं आधीच फिरलेलं. सासूबाईंच्या या चालीरीतींचा एकदाचा सोक्षमोक्ष लावू, असं माझ्या मनात आलं. तिच्या हातातून करवंटी ओढून घेतली, आत गेले, फायरप्लेसची काच सरकवली आणि करवंटी ओंडक्यांवर नुसती टेकवली. गार्गी चित्र काढता काढता हसली. मी परत दाराशी आले.

करवंटी जड झाली होती. आणि इतकी तापली होती की मला ती ओढणीत धरावी लागली.

आत काय आहे ते मी पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते अजून मला समजत नाही. बाईने ती घेतली, पदराखाली झाकली, चांगल्या घरातली बाई जितकं मोजकं हसेल तितकं हसली आणि वळली. मी दार लावलं. मागे फायरप्लेस विझली होती. स्विच चालूच होता.

"आई," गार्गी म्हणाली, "थंडी वाजते."

सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी आधी अंधाऱ्या चौकटीकडे पाहिलं, मग दुलईत बसलेल्या गार्गीकडे. दिलंस, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पाटावर बसून राहिल्या.

त्यानंतर गार्गी रोज थोडी थोडी गार होत गेली. अंगात ताप नाही, खोकला नाही. खात होती, शाळेत जात होती. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि ही स्वेटर घालून. डॉक्टरांचा थर्मामीटर काही दाखवेना. त्यांनी तो बदलला, दुसराही तसाच. रक्त घेतलं, सगळं ठीक. खाऊ घाला, वाढत्या वयात होतं असं, म्हणाले. सुयोगने तिला रात्री पोटाशी धरून झोपवलं आणि सकाळी बाथरूममध्ये जाऊन रडला. मला ऐकू आलं. माझ्या पोरीचं काहीतरी निसटून चाललं होतं आणि मी आकडे बघत बसले होते.

पण आकडेच मला येतात. मी रोज गन तिच्या कपाळावर धरत होते. तेहतीस. मग तीस. एका संध्याकाळी अठ्ठावीस आला. मी गन खुर्चीवर धरली, अठ्ठावीस. पडद्यावर, अठ्ठावीस. माझी मुलगी खोलीइतकीच गार होती. ती समोर बसून बिस्किट खात होती.

तिने त्या दिवशी मला आई म्हणून हाक मारली नव्हती. आदल्या दिवशीही नाही, हे तेव्हा लक्षात आलं. विचारलेल्याला उत्तर द्यायची, बस.

मी तिच्याकडे जायला उठले. गन माझ्या हातात वळली आणि तिचा लाल ठिपका विझलेल्या फायरप्लेसच्या वरच्या भिंतीवर पडला. चौदाशे दोनच्या भिंतीवर.

सदतीस.

मी भिंतीला तळहात लावला. ती ऊब भट्टीची नव्हती. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते, ती होती.

मी किंचाळले असेन. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनीही भिंतीला हात लावला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"गेलेलो इस्तव मागानच हाडूचो लागता," त्या म्हणाल्या. "त्येंच्या मनात इला तर दितीत."

मागूनच आणायचा. त्यांच्या मनात आलं तर देतात.

दिवेलागण झाली होती, पण सकाळपर्यंत थांबायला वेळ नव्हता. त्यांनीच सकाळच्या नारळाची करवंटी धुऊन माझ्या हातात दिली. मी एसीची इंजिनियर आहे, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. मी चपलाही घातल्या नाहीत.

पॅसेजमध्ये दिवे लागले होते. चौदाशे दोनला कुलूप नव्हतं. दाराच्या फटीतून नारिंगी उजेड फरशीवर हलत होता. आत भात शिजत होता. लाकडं तडतडत होती.

मी दारावर थाप मारली.

"वहिनी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "जरा विस्तव द्याल?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग धावत येणारी लहान पावलं. कडीपर्यंत हात पुरत नसावा, दार उघडलं नाही. दारापलीकडे कोणीतरी चवड्यांवर उभं राहून श्वास घेत होतं. बिस्किट खाताना नाकातून आवाज काढायची गार्गीची सवय आहे. तोच श्वास.

"आई," गार्गी आत कुणाला तरी म्हणाली, "दारात कोणतरी बाई आलीय. विस्तव मागतेय."

"नाही म्हणून सांग, बाळा. दिवे लागले."

मी मागे वळून पाहिलं. आमचं दार उघडंच होतं. सोफ्यावर स्वेटर घालून गार्गी बसली होती. तिने बिस्किट संपवलं, उठली, माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि दार लावून घेतलं.