पंपाखालचं छिद्र

थेंब डावीकडे

म्हणजे खालचा होज पाइप. मुकुंद कुरणे पाठीवर सरकत गाडीखाली गेले, क्लिप आवळली, बाहेर आले, हात पुसले. तोवर खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर कूलंटचा दुसरा हिरवा डाग पडला होता.

थेंब मधोमध

आता रेडिएटर. कोल्हापुरात बहात्तर सालचं पेट्रोल इंजिन चालवणारी माणसं थोडी उरली होती आणि ती सगळी अशीच गाडीखाली आडवी असायची. एक गळती बुजवली की दाब दुसरीकडून वाट काढायचा. मुकुंदरावांनी सोल्डरिंग करून पाहिलं, गॅस्केट बदलून पाहिलं, जुने ड्रायव्हर करायचे तशी रेडिएटरमध्ये हळदही ओतून पाहिली. हळद स्वयंपाकघरातली होती. त्यावरून झालेलं भांडण बरेच दिवस पुरलं.

या खेपेला मात्र त्यांचा जीव गाडीत नव्हता. गळत होती ती सुरेखा.

त्यांच्या बायकोच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे यायचं, फुप्फुसांत पाणी साचायचं आणि ती उशांना टेकून बसूनच झोपायची. छाती उघडणं तिच्या मूत्रपिंडांना झेपणारं नव्हतं. उरला होता सांधक. सुईनं रक्तात सोडायचे अतिसूक्ष्म कण. ते रक्ताबरोबर फिरतात, दाब जिथं निसटतो तिथं गोळा होतात, एकमेकांना धरून घट्ट होतात आणि फट मिटते. गुरुवारी या, असं डॉक्टर तन्झीला मुजावर म्हणाल्या होत्या. एकदा धरलेले कण पुन्हा सोडवता येत नाहीत, हेही त्यांनी लपवलं नव्हतं.

याच सांधकाचा जाडाभरडा भाऊ इंजिनांसाठी दुकानात मिळायचा. मुकुंदराव बाटली घेऊन आले.

"आधी गाडीत घालून बघतो."

"आधी गाडी, मग बायको," पायरीवर दम खात बसलेली सुरेखा म्हणाली. "लग्नापासून हाच क्रम आहे. चालू द्या."

थेंब नाही

पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. पंचगंगेच्या पुलापलीकडे चक्कर मारून आले, कोरडा. जोतिबाचा डोंगर चढवला, तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

आनंद व्हायला हवा होता. मुकुंदराव चिडले. इतकी वर्षं जिनं रडवलं ती गाडी एका बाटलीत शहाणी होते म्हणजे काय? काहीतरी चुकलं असणारच, आणि ते सापडत नव्हतं. टॉर्च घेऊन त्यांनी एकेक सांधा पाहिला, एकेक क्लिप ओढून पाहिली. सगळं ठीक. या 'ठीक'चाच त्यांना राग येत होता. घरात सुरेखानं दवाखान्याची बॅग भरायला घेतली होती, आणि नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं.

थेंब नाही, आवाज आहे

बुधवारी सकाळी वॉटर पंप किंचाळायला लागला. मुकुंदरावांनी तो उतरवला. बाहेरून स्वच्छ. आत बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलेलं, गोळ्या खरवडलेल्या.

या पंपाखाली कारखान्यातच एक छिद्र पाडलेलं असतं. आतलं सील झिजू लागलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर ठिबकतं, आणि पंप निकामी होत चाललाय हे मालकाला वेळेत समजतं. सील फिरत्या दांड्यावर बसतं, तिथं सांधकाच्या कणांना स्थिरावायला जागा नव्हती. ते पाण्याबरोबर पुढे सरकले आणि...

मुकुंदरावांनी बोट फिरवलं. उजेडात धरून पाहिलं. पुन्हा बोट फिरवलं.

छिद्र उरलंच नव्हतं, कणांनी ते बुजवलं होतं. होता तो गुळगुळीत धातू.

तेलकट हातानंच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि चढ्या आवाजात सगळं सांगितलं. मुजावर मॅडमनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. इंजिनातला सांधक आंधळा असतो, त्या म्हणाल्या. रक्तातल्या कणांना झडपेची ओळख दिलेली असते, ते भलतीकडे बसत नाहीत.

"ते समजलं," मुकुंदराव म्हणाले. "मी वेगळं विचारतोय. माणसाच्या हृदयात असं असतं का? मुद्दाम ठेवलेलं, गळण्यासाठीच?"

"नाही." मग त्यांनीच पुढे जोडलं, "निदान आम्हाला माहीत असलेलं तरी नाही."

त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. खोट्याशी भांडता येतं.

थेंब

सुरेखा बॅगेशेजारी बसली होती. मुकुंदरावांनी पंप तिच्यापुढे धरला, सगळं दोनदा सांगितलं आणि उद्या जायचं नाही म्हणून बजावलं. तिनं पंप हातात घेतला नाही. बॅगेवर तेल सांडेल, तो आधी खाली ठेवा म्हणाली.

"पंप जातोय हे आधी कळलं असतं तर काय केलं असतंत?"

"नवा पंप बसवला असता."

"आणि माझ्यात काय बसवणार आहात?"

तिनं बॅगेची चेन ओढायला घेतली, अर्ध्यावर दम लागला म्हणून थांबली, मग उरलेली ओढली.

"मी उद्या जाणार. रात्री आडवं होऊन झोपायचंय मला, बाकी काही नको. पण त्या मॅडमना परत फोन लावा आणि माझ्यातर्फे एक विचारा."

"काय?"

"दम लागला म्हणून तर मला कळलं की आत काहीतरी बिघडलंय. उद्यापासून दम लागणार नाही. मग पुढच्या वेळी मला कोण सांगणार?"