दोन ड्राइव्हचं यंत्र

माझी बायको नर्मदा गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी नांदगावहून एक जुना कॉम्प्युटर आणला. तिथल्या ओळखीच्या धनेशचा कॉम्प्युटर क्लास बंद होऊन वीस वर्षं झाली. हे यंत्र त्याच्या माळ्यावर नारळाच्या सोडणांखाली, सुक्या सालींच्या ढिगात पडलं होतं. जाड पत्र्याची पेटी, पुढे फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह शेजारी शेजारी, प्रत्येकावर एक बारीक दिवा.

"ह्येच्यार काय भात शिजवतलास?" धनेशने विचारलं.

मी यंत्र उचलून गाडीत ठेवलं. मला तेव्हा कोणाशीच बोलायचं नव्हतं.

जुनी यंत्रं घ्यायची, तपासायची, चालू करायची, हा माझा नाद रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हापासूनचा. नर्मदा म्हणायची, "माणसापरीस ह्या डबड्यांचीच नाडी तुमका बरी कळता." आता ते आठवलं की हातातली पकड भिंतीवर मारावीशी वाटते.

तिला धाप लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आजच गोव्याला मोठ्या इस्पितळात न्या. माझा मोठा भाऊ धोंडू, त्याला मी दादा म्हणतो, त्याने आधी देवळात कौल लावायचा हट्ट धरला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. दुसऱ्या दिवशीही डावीच. गाडी दारात होती. किल्ली माझ्या खिशात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं काही उरलं नाही.

दादाशी मी बोलणं टाकलं. तो तरी रोज आचऱ्याच्या बाजारातून येताना ओट्यावर येऊन बसायचा. मी आत हत्यारं आपटायचो.

जुनं यंत्र मी थेट विजेला लावत नाही. मध्ये एक बल्ब जोडतो. आत शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. दोन्ही ड्राइव्हच्या केबली काढून बाजूला ठेवल्या आणि बटण दाबलं. बल्ब मंद राहिला. पंखा फिरला, उंदराच्या मुताचा आणि तापलेल्या धुळीचा वास आला. स्क्रीन काळाच.

"मेमरी गेली काय?" मी स्वतःशीच म्हणालो.

डावा दिवा लागला.

केबल काढलेल्या ड्राइव्हचा दिवा लागत नाही. मी यंत्र बंद करून मीटर लावला. शून्य. मेमरी काढून एकेक तपासली. चांगली होती. पुन्हा चालू केलं आणि मुद्दाम मोठ्याने विचारलं, "डिस्प्ले कार्ड?"

उजवा.

कार्डावरचा एक कपॅसिटर फुटलेला निघाला.

चार दिवस असं चाललं. मी विचारायचो, मग उघडून बघायचो. उत्तर एकदाही चुकलं नाही. मला भीती नाही वाटली. राग आला. एवढ्याशा डबड्याला खरं सांगता येत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दादा दारातून आत आला. मी काहीतरी विचारलं होतं, उजवा दिवा जळत होता. त्याने चपला काढल्या, हात जोडले.

"बाबू, ह्यो तर उजवो कौल."

"तुझे कौल देवळात लाव. हय नको."

"एकच विचारूंदे रे. माझी चूक झाली काय, इतक्याच."

"तुका सुटका व्हयी?" मी ओरडलो. "ती आत पडान ऐकत होती! तू डावी, डावी म्हणान सांगत इलंस आणि ती ऐकत होती!"

दादा भिंतीला टेकून खाली बसला.

"गाडी तुझी होती," तो म्हणाला. "किल्ली तुझ्याकडे. मी काय गाडयेच्या आडवो इलंय?"

मी पाना उचलला. मारलाही असता.

तेवढ्यात ड्राइव्ह फिरू लागला. रिकामा, केबल नसलेला. दोन लहान घरघरी, मग एक लांब. मग थांबायचा. मग पुन्हा.

तो श्वास मी ओळखला. तिच्या उशाशी मी दोन रात्री बसलो होतो.

दादानेही ओळखला.

पाना हातातून खाली ठेवला. यंत्राकडे वळलो.

"नर्मदे, गोव्याक जावचा आसा?"

उजवा.

"आता?"

उजवा. आणि तो विझेना.

मी किल्ली घेतली. अंगणात दादाने गाडीचं मागचं दार उघडलं, धरून उभा राहिला, मग हळूच लावलं आणि पुढे माझ्या शेजारी बसला. मे महिना. सीट भाजत होती. कुडाळ मागे पडलं, सावंतवाडी गेली. मी आरसा छताकडे फिरवून ठेवला होता.

इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने हात केला.

"कुठे?"

"गोव्याला. इस्पितळात."

त्याने वाकून मागच्या काचेतून आत पाहिलं आणि घाईने बाजूला झाला.

"मग थांबता कशाला? जा, जा. आणि त्यांच्या अंगावर काहीतरी घाला हो. कुडकुडतायत."

मी गाडी पुढे घेतली. दादाने खांद्यावरचा पंचा काढला आणि मान न वळवता, हात लांब करून मागे धरला.

पंचा हळूच त्याच्या हातातून गेला.