दुसऱ्या खिडकीतली फुसाए

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या उशियामाचा फोन आला तेव्हा मी मुळे धूत होतो. ऑक्टोबर संपत आला की आमच्या ओकाया गावात घरोघरी लोणच्यासाठी मुळे वाळत घालतात. एकट्या माणसाला लोणचं लागतं किती? पण माझी बायको फुसाए घालायची म्हणून मीही घालतो, आणि दर वर्षी ते खारट होतं. "कॅमेरा झालाय," एवढंच उशियामा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. एरवी हा माणूस फोनवर तासभर सोडत नाही. मी हात पुसले आणि सायकल काढली.

चहा घ्या तुम्ही, निवेल. मी जरा सावकाश सांगणार आहे.

चाळीस वर्षं मी लेथवर काढली. केसाएवढा फरक पडला तर झोप न येणारा माणूस. हौस एकच, जुने रेंजफाइंडर कॅमेरे. तेवीस आहेत माझ्याकडे, काचेच्या दाराच्या कपाटात, आत दमट हवा शिरू नये म्हणून बारीक यंत्र लावलेलं. नवं भिंग आणलं की मी ते पलीकडच्या गोदामाच्या विटांच्या भिंतीवर तपासायचो. फुसाए टेपचं दुसरं टोक धरून उभी राहायची. एक मीटर, दोन, तीन, चार. मी ओरडलो की ती बोटं वर करून दाखवायची, म्हणजे कुठला फोटो किती अंतरावरचा ते नंतर कळावं. आणि तिचं काम झालं की मी म्हणायचो, "हं, हो बाजूला."

"अहो, त्या भिंतीशीच लग्न करायचं होतं," ती म्हणायची. "डोकं तर दुखलं नसतं तिचं."

हसू नका. तेवीस कॅमेरे बाळगणाऱ्या माणसाच्या बायकोचा देव्हाऱ्यातला फोटो शेजाऱ्याच्या मोबाईलवरून घेतलाय. मोहल्ल्याच्या सहलीत ती मागच्या रांगेत उभी होती. तेवढाच तुकडा कापून मोठा केला. चेहरा विरघळल्यासारखा दिसतो त्यात. तीन वर्षं मी त्याच्यापुढे रोज भात ठेवतोय, आणि खरं सांगतो, तिचे डोळे नेमके कसे होते ते आता मला आठवेनासं झालंय. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

एकदा काढले होते मी तिचे फोटो. एकदाच, पण पुरे छत्तीस.

ती जाण्याआधीचा नोव्हेंबर. औषधांनी तिचे केस गेले होते, राखाडी लोकरीची टोपी घालायची. एका सकाळी म्हणाली, "सरोवरावर न्या मला. आणि कॅमेरा घ्या." मी चमकलोच. सुवा सरोवरावर आम्ही बाकावर बसलो, मग मी उठून तिच्यासमोर उभा राहिलो. त्या दिवशी ती काय काय करत होती! जीभ काढून दाखवली, बदकासारखी मान वाकडी केली, एकदा तर टोपी काढून मला मुजरा केला. "काढा, अजून काढा," म्हणत होती. मी तासभर तिच्याकडे बघत होतो. लग्नाच्या पस्तीस वर्षांत इतकं सलग कधी बघितलं नव्हतं.

फेब्रुवारीत ती गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी ती फिल्म धुतली. काचेसारखी कोरी निघाली. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं.

आमच्या जातीच्या कॅमेऱ्यांत हे होतं. यात भिंगातून बघायचं नसतं. बघायची खिडकी शेजारी वेगळी असते, त्यामुळे झाकण लागलेलं असलं तरी समोरचं लख्ख दिसतं. आमच्यातला प्रत्येक जण हा मूर्खपणा एकदा तरी करतो आणि बाकीचे त्याला जन्मभर चिडवतात. पण एक गोष्ट मला नंतर सुचली आणि ती काट्यासारखी रुतून बसली. कॅमेरा धरणाऱ्याला झाकण दिसत नाही. समोरच्याला दिसतं. माझ्याबरोबर आयुष्य काढलेली बाई, तिला झाकण कळत नव्हतं? छत्तीस वेळा तिनं ते बघितलं, आणि बोलली नाही. का?

तो कॅमेरा मी तीन वर्षं हातात घेतला नाही, कपाटाबाहेरच पडून होता. या वर्षी उचलला तर आतलं सगळं बुरशीनं भरलेलं. म्हणून उशियामाकडे टाकला.

उशियामाचं दुकान स्टेशनमागच्या गल्लीत आहे. आत गेलो तेव्हा तीन वाजले होते आणि त्यानं दुकानातले सगळे दिवे लावून ठेवले होते.

"या, मोरोझुमी-सान," तो म्हणाला. "तीन वर्षांत हे पहिलंच काम आणलंत. मला वाटलं होतं, म्हातारा मोबाईलला लागला."

"तोंड आवरा. झालं का काम?"

"झालं." त्यानं कॅमेरा पुढे सरकवला, पण त्यावरचा हात काढला नाही. "खिडक्या साफ केल्या, आरसा बदलला. धुराड्यावर धरून लांबचं जुळवलं, त्या कॅलेंडरवर धरून जवळचं. अगदी चोख बसतंय."

"मग?"

तो कॅलेंडरकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या मंडळी… ठेंगण्या होत्या ना?"

"होत्या. का?"

"राखाडी टोपी घालायच्या?"

मी म्हणालो, "तुम्ही तिला टोपीत कधी पाहिलंत? आजारपणात ती घराबाहेर पडली नव्हती. एक दिवस सोडून."

"नाही पाहिलं," उशियामा म्हणाला. "आधी कधीच नाही…" आणि त्यानं कॅमेऱ्यावरचा हात काढून घेतला.

घरी पोचलो तोवर ऊन डोंगराआड गेलं होतं. आमच्याकडे ते लवकर जातं. आभाळ उजळ राहतं आणि अंगणात मात्र सावली साचते. ओबोनचा सण होऊन दोन महिने झाले होते, म्हणजे मेलेल्यांपैकी ज्यांना घरी यायचं ते येऊन, जेवून, परतही गेले होते. मी स्वतःला तेच सांगत होतो. कॅमेऱ्यात फिल्म भरली. झाकण काढून खिशात घातलं, वरून खिसा दाबून खात्री केली. अंगणाकडच्या ओसरीत उभा राहून कॅमेरा पर्सिमनच्या झाडाकडे धरला.

कॅमेऱ्याला दोन खिडक्या असतात. एकीतून सगळं दिसतं. दुसरीतून आलेलं चित्र त्याच्या मधोमध एका पिवळसर चौकोनात पडतं, थोडं बाजूला सरकलेलं. भिंगाभोवतीचं कडं फिरवून दोन्ही चित्रं एकावर एक आणली की अंतर जुळलं. मी कडं फिरवलं. झाडाचे दोन बुंधे जवळ आले आणि एक झाले.

त्या बुंध्याशेजारी फुसाए उभी होती.

मी कॅमेरा खाली घेतला. अंगणात झाड, मुळ्यांची दोरी, कुंपण. परत डोळ्याला लावला. चौकोनाच्या बाहेर काही नाही. चौकोनात ती, पातळ, पिवळसर, टोपी कानांवर ओढलेली. चेहरा एवढासा, आगपेटीच्या काडीच्या टोकाएवढा. कडं फिरवलं की ती डावीकडे सरकायची, उलटं फिरवलं की उजवीकडे. जुळेना. जुळणार कसं? ती फक्त दुसऱ्या खिडकीत होती. पहिल्या खिडकीत तिच्याशी जुळवायला कुणी नव्हतंच.

मला फक्त एवढं कळत होतं की हा फोटो आला पाहिजे, आणि अंतर कळल्याशिवाय तो येणार नाही. पुन्हा विरघळलेला चेहरा मला नको होता.

"फुसाए," मी हळूच म्हणालो. "किती लांब आहेस?"

वारा नव्हता. शेजारचा रेडिओ मघाशी चालू होता, तो कधी थांबला कळलं नाही.

तिनं हात वर केला. चार बोटं.

मी कडं चारवर आणलं आणि खटका दाबला. फिल्म पुढे ओढली. परत बघितलं तर ती झाडापाशी नव्हती, अलीकडे होती. तीन बोटं. खटका. मग दोन. चौकोन तिच्या स्वेटरनं भरला होता. आणि मला वास आला. कमरेला लावायच्या कापूर घातलेल्या पट्ट्यांचा, तिच्या अंथरुणाला असायचा तो. तरी मी कॅमेरा काढला नाही. काढला तर अंगण रिकामं असेल, याची मला जास्त भीती वाटत होती.

एक बोट. एक मीटर. माझा कॅमेरा त्याहून जवळचं जुळवू शकत नाही. मी खटका दाबला. चौकोनात आता फक्त अंधार होता, कुणी खिडकीला अगदी टेकून उभं राहिल्यासारखा.

"थांब," मी म्हणालो. "तिथंच थांब ना…"

चौकोन उजळला. झाड, मुळे, कुंपण.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती फिल्म धुवायला घेतली. चारच फोटो काढलेली, पण मला धीर नव्हता. फिल्म डब्यात भरायला पुरता काळोख लागतो. मी अंथरुणं ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात शिरतो, दार ओढून फटींना रजया लावतो. बाहेर भर दुपार आणि आत स्वतःचा हात दिसणार नाही असा काळोख. फिल्म नळकांड्यातून बाहेर काढून बोटांनी चक्रीत घालत होतो. आणि तो वास परत आला. रजयांना कापराचा वास असतोच, असं म्हणालो मनाशी. पण रजया पाठीमागे होत्या, आणि वास समोरून येत होता.

मी थांबलो. तीन वर्षं जे गिळलं होतं ते तोंडून निघूनच गेलं.

"तुला दिसत होतं ना झाकण? सांगितलं का नाहीस? एवढंच सांग मला…"

मी उरलेली फिल्म चक्रीत घातली आणि डबा बंद केला.

मोरीत पाणी सोडून, व्हिनेगरसारख्या वासात उभा राहून, मी ओली फिल्म उजेडाला धरली. पहिली चार चित्रं: झाड आणि रिकामं अंगण. त्यातली शेवटची तीन तर धूसर, कारण जवळचं अंतर लावलं होतं आणि तिथं कुणी नव्हतं. मी मोरीच्या कडेवर बसून रडलो. लाज कसली त्यात.

मग पाचवं चित्र दिसलं.

मी पाच काढले नव्हते. पाचव्यात मी आहे. कपाटात, मांडी घालून, हातात ही फिल्म, तोंड काहीतरी विचारायला उघडलेलं. वीतभर अंतरावरून काढलेलं, तरी पापणीचा एकेक केस मोजता येईल इतकं रेखीव. काळोखात माणूस कुठेही बघत असतो. या चित्रात मी सरळ समोर, तिच्याकडे बघतोय. तसा चेहरा माझा मी कधी पाहिला नाही. सरोवरावर छत्तीस वेळा तिला तो दिसला असणार. कॅमेरा जरा खाली घेतला की, दोन फोटोंच्या मधे, दर वेळी. झाकणाचं सांगितलं असतं तर मी लगेच लेथवाला झालो असतो, स्वतःवर चिडून, कडं पुसत, उजेड मोजत. म्हणून ती बोलली नाही. असं मी धरून चाललोय. चूक असेन तर असेन.

ती पट्टी घेऊन मी उशियामाकडे गेलो. भिंग डोळ्याला लावून तो बराच वेळ बघत होता.

"कुणी काढला?"

"आमच्या हिनं."

एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारा माणूस. त्यानं पट्टी नीट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "फार जवळून काढलाय," एवढंच म्हणाला.

बाकीचे बावीस मी विकले. हा ठेवला. त्यात फिल्म भरतो, झाकण काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवतो, आणि आठवड्यानं ती कपाटात बसून काढतो. बहुतेक वेळा कोरीच निघते. गेल्या आठवड्यातल्या फिल्मवर मात्र एक चित्र होतं. मी दुपारचा झोपलोय, भिंतीकडे तोंड करून. पाठ, मान, मानेवरचा तीळ. ही तीन वर्षं मी एकच अंथरूण घालतो, एकच उशी. चित्राच्या खालच्या कडेला दुसऱ्या उशीचा कोपरा आहे, डोक्याच्या वजनानं दबलेला.

तेव्हापासून मी भिंतीकडे पाठ करून झोपतो.