छाटलेली उत्तरं

दर्शनाचं दुकान महाडच्या एसटी स्टँडसमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणं. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा ती भाकऱ्या थापता थापता मोबाईलवर बघून शिकली होती. तिच्या प्रोग्रामला थोडं पीठ लागलेलंच असायचं.

मुरारी बाकड्यावर बसून होता. पोलादपूरच्या वर त्याची वाडी. शिमग्याची पालखी आज संध्याकाळी निघायची, आणि देवापुढे गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे एकेका घरासाठी मागणं मागणारे त्याचे वडील, सोनबाअण्णा, गेल्या साली वारलेले. शब्द उरले होते ते त्याने आणलेल्या जुन्या कॅसेटवरच.

"ताई, पाचची गाडी हाय. गाऱ्हाण्याबिगर पालखी जाग्यावरनं हलायची नाय."

"हलेल. चहा घ्या."

प्रोग्राम आवाजाचे बारीक तुकडे करायचा, खरखर काढायचा, एकेक तुकडा डिस्कवर लिहायचा, परत वाचायचा. डिस्क म्हातारी; नुसती कण्हत होती. दर्शनाने पदर खोचला. तुकडे डिस्कवर न्यायचेच नाहीत, सगळे मेमरीत ठेवायचे, शेवटी एकदाच फाईल लिहायची. चार ओळी बदलल्या. कॅसेटवर मध्ये मध्ये वाडीतली माणसं "होय म्हाराजा" ओरडत होती. गोंगाट समजून तिने तेही छाटलं.

चहा निवायच्या आत काम झालं. फाईल लिहिण्याआधी तिने ऐकून पाहिलं.

"महिपतच्या घराला सुखी ठेव रे म्हाराजा..."

आवाज थांबला. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"अडकलं वाटतं," दर्शना म्हणाली.

"होय म्हाराजा," मुरारी सवयीने बोलून गेला.

"बयाबाईच्या घराला सुखी ठेव रे म्हाराजा..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "उत्तर आल्याबिगर अण्णा कधी पुढं जात नव्हते," मुरारी हळूच म्हणाला.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली. मेमरीतलं सगळं पुसलं गेलं. फाईल लिहायची राहिलीच होती.

"बयाबाईच्या घराला सुखी ठेव रे म्हाराजा," वीज नसलेला स्पीकर म्हणाला.

दर्शनाच्या अंगावर काटा आला. पण गाडी पाचची होती.

"मोबाईल काढा, मुरारीभाऊ. रेकॉर्ड करा. उत्तरं मी देते."

घरामागून घर. प्रत्येक घराला ती "होय म्हाराजा" म्हणत गेली. अखेर मुरारीने मान हलवली. वाडीतलं शेवटचं घर झालं होतं.

"म्हाडात, स्टँडसमोर, दर्शनाच्या घराला..."

तिने मुरारीकडे पाहिलं.

स्पीकर वाट पाहत राहिला.

मग त्यातूनच, तिने छाटलेली सगळी माणसं एकदम बोलली.

"होय म्हाराजा."